गाराम म्हणजे नदी – पण कुठली?

१४ जानेवारी, मंगळवार

नाव ठरलं म्हणे. गरम!

मुलगी काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम, लेक नूपुर ठीक, बाळ ठीक, मी आजोबा झालो – हे सगळं कालच लिहायला हवं होतं. काल वही घरी राहिली. आज वही आहे, डोकं फिरलंय.

जावई हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटला. कागदी कपावर पेननं नाव लिहून दाखवलं – जी, ए, आर, ए, एम. मी म्हटलं, स्पेलिंग चुकलंय का? नाही म्हणाला. आता ह्याचं आडनाव नाम. नाम सोंग-हो. कोरियात आडनाव आधी लावतात. म्हणजे माझ्या नातीचं पूर्ण नाव – नाम गरम. इथल्या इंडियन शाळेत घातली तर हजेरीला अख्खा वर्ग हसेल.

तो म्हणतो, उच्चार गरम नाही. गाराम. की काराम? पहिलं अक्षर त्याच्या तोंडात ग आणि क ह्यांच्या मध्ये कुठेतरी अडकतं. तीनदा म्हणवून घेतलं. तीनदा वेगळं ऐकू आलं.

बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती नर्सना तिळगूळ वाटत होती, संक्रांत ना आज. चांगलं आहे की, म्हणाली, आणि डबा घेऊन पुढच्या वॉर्डात गेली.

१५ जानेवारी, बुधवार

ऑफिसात लक्ष नाही. एकोणतीस वर्षं मी इथे सौदीत, जुबैलमध्ये डॉक्युमेंट कंट्रोल करतोय. प्लांटमधला प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पंप – त्याला एक टॅग नंबर. एक टॅग, एक वस्तू. दोन वस्तूंना एकच टॅग लागला तर माणसं जिवाला मुकतात. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. आणि घरात हे!

सकाळी सोंग-होनं फोनवर सांगितलं, गाराम म्हणजे नदी. बरं. नदी तर नदी. मग मी इंटरनेटवर पाहिलं तर कोरियनमध्ये नदीला म्हणतात गांग. पुन्हा फोन. हो, म्हणाला, आता गांगच म्हणतात. तो शब्द चिनीतून आला. गाराम हा जुना, त्यांचा स्वतःचा. गांग आला तसा गाराम मागे पडला. आता नदीला गाराम कोणी म्हणत नाही, फक्त मुलांची नावं ठेवतात.

म्हणजे रद्द झालेला शब्द! आमच्याकडे जुनं ड्रॉइंग रद्द झालं की त्यावर लाल शिक्का मारून कपाटात टाकतात, चुकून कोणी वापरू नये म्हणून. हे लोक त्यातूनच नाव काढून पोरीला ठेवतात.

दुपारी आणखी एक सापडलं. गाराम म्हणजे बौद्ध मठ असाही अर्थ आहे, आणि तो शब्द आपल्या संस्कृतातल्या संघारामवरून, चीनमार्गे झिजत झिजत तिथं पोचलेला. मला एकदम बरं वाटलं. आपलंच नाव निघालं! लगेच फोन. सोंग-हो बिचारा मीटिंगमध्ये होता. म्हणाला, बाबा, तो गाराम वेगळा. उच्चार तोच, शब्द दुसरा. आमचा नदीवाला.

ठीक. समजलं असं वाटलं. जेवताना परत गोंधळ – पण नदी का? नूपुरला तर पोहताही येत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

नूपुर आणि बाळ घरी आली. सव्वा महिना इथेच राहणार, मग खोबरला त्यांच्या घरी.

संध्याकाळी जलाल आणि सफूरा आले. खालच्या मजल्यावरचे, मूळचे दापोलीकडचे. बावीस वर्षांचा शेजार. सफूरा आमच्या हिची जिवाभावाची. जलाल लोकांची सरकारी कागदपत्रं करून देतो – इकामा, दाखले, सगळं – अरबी फाडफाड बोलतो. जन्माच्या नोंदीचा फॉर्मही त्यानंच भरला. नाव ऐकून तो मिशीत हसत होता. म्हटलं, हसू नकोस, बोल. तर म्हणाला, बाळकृष्णभाई, अरबीत हे ग़राम वाचतील. मुलींचं नाव असतं इकडे. अर्थ – प्रेम. साधंसुधं नाही, वेड लावणारं.

झालं! हिंदीत गरम, कोरियनमध्ये नदी, दाखल्यावर वेड लावणारं प्रेम.

ते गेल्यावर मी नूपुरला सरळ म्हटलं, अर्थ पुष्कळ झाले, आता कारण सांग. हेच नाव का? ती बाळाला थोपटत होती. आईला विचारा, म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन हिला विचारलं. सांगीन की. डिंक संपत आलाय, तेवढा उद्या आणा.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. सोंग-होच्या वडिलांशी व्हिडिओ कॉल. जिंजू नावाच्या गावात असतात. पांढरे केस, कोट घालून बसलेले, मागे भिंतीवर घड्याळ. तिकडे दुपार उलटून गेली होती.

गंमत म्हणजे तेही माझ्यासारखेच नाराज. सोंग-हो मधे बसून दोन्हीकडचं सांगत होता. त्यांच्यात म्हणे नाव चिनी अक्षरांत लिहितात, आणि एकेक अक्षर त्याचा अर्थ बघून निवडतात. त्याचा मान आजोबांचा. त्यांनी पुस्तक उघडून अक्षरं काढूनही ठेवली होती. पण गाराम पडला देशी शब्द. त्याला चिनी अक्षरच नाही. आजोबांनी कागद दाखवला – आडनावाचं एक अक्षर काढलेलं, पुढे कोरं. मला तो माणूस फार आवडला. मी मान हलवली, त्यांनी मान हलवली. दोघांनाही दुसऱ्याचा एक शब्द कळत नव्हता, पण एकमत झालं.

मग सोंग-हो त्यांना काहीतरी म्हणाला आणि त्यांचा चेहराच उघडला. मला मागून कळलं. जिंजूतून जी नदी वाहते तिचं नाव नाम. कवी लोक तिला जुन्या भाषेत नामगाराम म्हणतात. आडनाव नाम, नाव गाराम – म्हणजे नात त्यांच्या गावची नदीच झाली! आजोबा उठले आणि फोन खिडकीला लावला. दोन इमारतींच्या फटीतून पाणी दिसलं थोडंसं.

मी सोंग-होला बाजूला घेतलं. हे कारण होय? तो म्हणाला, हेही चांगलं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

'हेही' म्हणजे?

१९ जानेवारी, रविवार

सापडलं!!

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. नदी. आम्ही नाशिकचे. आमची नदी कुठली? गोदावरी. आणि माझ्या आईचं नाव काय? गोदावरी!

किती बैल मी. जावयाला गोदावरी म्हणता येणार नाही, त्याच्या आईवडिलांना तर मुळीच नाही. म्हणून नूपुरनं त्यांच्या भाषेतली नदी शोधली. लहानपणी दोन वर्षं ती आईजवळच होती नाशकात. आई तिची वेणी घालायची, न्हाऊ घालायची. आई जाऊन चौदा वर्षं झाली, मला वाटत होतं पोर विसरली. बसमध्ये डोळे भरून आले. शेजारच्या केरळी माणसानं पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्या आल्या हिला म्हटलं, कळलं मला. ही डिंकाचे लाडू वळत होती. हात थांबले. काय कळलं? म्हणाली. मी म्हटलं, गोदावरी! पोरीनं आईचं नाव ठेवलंय.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा लाडू वळायला लागली. जगात काय एकच नदी आहे, म्हणाली.

सासू-सुनेचं जुनं काहीतरी असणार. सासू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही. मी वाद घातला नाही. आनंदात होतो.

२१ जानेवारी, मंगळवार

सगळ्यांना सांगून टाकलं. पुण्याला धाकट्या भावाला फोन केला, तो रडलाच. ऑफिसात पेढे नेले. जलालला सांगितलं, तो म्हणाला, माशाल्ला, आईचं नाव म्हणजे मोठी गोष्ट.

रात्रीच्या जेवणाला नूपुर म्हणाली, बाबा, ते नाव ना – आणि हिनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मी पाहिलं. बारशापर्यंत गुपित ठेवायचं असेल. ठेवा म्हटलं. मला काही माहीत नाही असंच मी वागतो.

ही हल्ली बोलत नाही फारशी. काम पडतंय. बारसं आटोपलं की चार दिवस फनातीरला समुद्रावर फिरायला नेईन म्हणतो.

२३ जानेवारी, गुरुवार

उद्या बारावा दिवस. घुगऱ्यांना हरभरे भिजले. पाळण्याला सोंग-होनं कागदाच्या पताका केल्या, इंचपट्टीनं मापून. तो क्वालिटीत आहे, माप चुकलेलं त्याला चालत नाही.

अडचण होती आत्याची. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, आणि आत्या म्हणजे सोंग-होची बहीण, ती जिंजूत. फोनवरून सांगेल असं ठरलं. कुर्रर्र कसं करायचं ते तो तिला तासभर शिकवत होता.

मी भाषणाचे मुद्दे काढले. चार.

२४ जानेवारी, शुक्रवार

नीट लिहितो. जसं झालं तसं.

सकाळी अकरा. वीसेक माणसं. सोफा बाल्कनीत टाकला तरी जागा पुरेना. नूपुर हिरव्या साडीत. सोंग-हो माझ्या कुडत्यात, बाह्या आखूड. स्टुलावर फोन, त्यात जिंजूचे आजोबा, आजी, आत्या, तिघंही फोटोला बसल्यासारखी. बायकांनी पाळणा म्हटला. मग फोन बाळाच्या कानाशी धरला. आत्यानं कुर्रर्र इतक्या जोरात केलं की बाळ दचकून रडायला लागलं. मग तिनं नाव सांगितलं, अगदी हळू. गाराम. ह्या वेळी मला नीट ऐकू आलं.

मग मी उभा राहिलो. पहिला मुद्दा – माझी आई, गोदावरीबाई. नाशिक. तिनं आम्हा भावंडांसाठी काय काय सोसलं. दुसरा मुद्दा – मुलगी परदेशात वाढली, परक्या देशात सासर मिळालं, पण मूळ विसरली नाही. गाराम म्हणजे नदी आणि नदी म्हणजे आमची गोदावरी. टाळ्या पडल्या. सफूरानं ओढणीनं डोळे टिपले.

सोंग-होला मराठी थोडं कळतं. गोदावरी कळलं. तो नूपुरकडे बघायला लागला. तिनं त्याचा हात धरून ठेवला होता. तो सोडवून तो उभा राहिला, मला वाकून नमस्कार केला, आणि मराठीत, पाठ केल्यासारखं म्हणाला –

"सॉरी बाबा. गोदावरी नाही. सरिता. गाराम म्हणजे सरिता."

मला वाटलं, बरोबर आहे, सरिता म्हणजेही नदीच. पोरगा शब्दकोश पाठ करून आलाय. मी हसून तेच सांगणार होतो. तेवढ्यात सफूरानं विचारलं, "सरिता कोण गो, भाभी?"

"मी," ही म्हणाली.

आणि घुगऱ्या आणायला आत गेली.

मी उभाच. हातात मुद्द्यांचा कागद. तिसरा मुद्दा काय होता ते आता वाचूनही कळत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

झोप नाही. सगळं आठवलं. विसरलो होतो असंही नाही, पण कुणी विचारल्याशिवाय आठवलं नसतं. हे जास्त वाईट.

मे एकोणनव्वद. नाशकातलं मंगल कार्यालय. ताटात तांदूळ पसरले होते, आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आमच्याकडे बदलायचेच सगळे. आदल्या दिवशी आईनं सांगितलं, प्रमोदिनी लिही. मी म्हटलं, सरिता काय वाईट आहे? एवढं विचारलं होतं मी, हे खरं. आई म्हणाली, एका घरात दोन नद्या कशाला? सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तांदळात प्रमोदिनी लिहिलं, मो ची मात्रा विसकटली म्हणून परत लिहिलं. ही शेजारी बसली होती, मुंडावळ्यांत. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

मग रेशनकार्ड प्रमोदिनी, पासपोर्ट प्रमोदिनी, इकामा प्रमोदिनी. माहेरी भाऊ ताई म्हणतो. आईवडील गेले. सरिता म्हणणारं कोणी उरलं नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तेवढंच.

सकाळी सोंग-होला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, लग्नाच्या वेळी मी आईंना विचारलं होतं. त्यांच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, आडनावसुद्धा नाही. म्हणून त्यानं विचारलं, तुमचं बदललं होतं का? आणि हिनं सांगितलं. मग त्यानं सरिता म्हणजे काय ते शोधलं. मूल व्हायच्या आधीच दोघांनी ठरवून ठेवलं होतं.

छत्तीस वर्षांत हिला हे विचारणारा पहिला माणूस जिंजूहून यावा लागला.

हिच्याजवळ गेलो. ही बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? पाच दिवस मी मूर्खासारखा गावभर सांगत सुटलो.

"तुम्हाला आपलं आपण आठवतंय का, ते बघत होते," ही म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा भीती जास्त. इतकी वर्षं एका घरात राहून आणखी काय काय मी असंच पुसलं असेल, आणि ती अशीच बघत राहिली असेल?

२६ जानेवारी, रविवार

भावाला फोन करून सांगितलं, गोदावरी नव्हे, वहिनीचं नाव आहे. तो म्हणाला, वहिनीचं नाव प्रमोदिनी ना?

२७ जानेवारी, सोमवार

जलाल जन्माचा दाखला घेऊन आला. ग़राम लिहिलंय. त्यानंच फॉर्म भरला होता, सवयीनं हात तसा गेला म्हणाला. फार वरमला बिचारा. नूपुर म्हणाली, असू दे काका, प्रेमच आहे ना. मी म्हटलं, असू दे नाही. एक अलिफ, म्हणजे आपला काना, घालून गाराम करता येतं ना? मग कर. लागेल तो अर्ज मी लिहितो, लागतील तेवढ्या चकरा मारतो. पोरीचं नाव नीट लागलं पाहिजे. माझा आवाज चढला असावा. ही दारात येऊन उभी राहिली. मग परत गेली.

जिंजूच्या आजोबांनी कागदाचा फोटो पाठवलाय. कोऱ्या जागी त्यांनी कोरियन अक्षरांत गाराम लिहिलं, ब्रशनं. नदी त्यांच्या गावाचीच असं ते अजून समजतात. समजू देत.

२८ जानेवारी, मंगळवार

हाक मारायची म्हणतो. जमत नाही. तोंडात येतं ते 'अगं'. विचार करकरून आठवलं – मी हिला प्रमोदिनी म्हणूनही कधी हाक मारलेली नाही. अगं, ऐकतेस का, जरा इकडे ये. ह्या वहीत पानंच्या पानं लिहिलीत, त्यातही 'ही'. आईनं नाव काढून घेतलं, नवं दिलं. मी तेही वापरलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आज दोनदा तोंड उघडलं. दोनदा पाणी मागितलं.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी ही चहा गाळत होती. मी हाक मारली. सरिता.

हिनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं. "कोण आलंय?" म्हणाली.